पुन्हा या, सहकुटुंब या

मंडईमागे वसंतराव तेरदाळांचं मयताच्या सामानाचं दुकान होतं. गिऱ्हाईक निघालं की ते मान खाली घालून गप्प राहत. ‘या’ म्हणायची त्या दुकानात रीतच नव्हती.

व्यापारी संघानं सगळ्या दुकानांच्या ऑनलाइन जाहिरातीचा ठेका निशिकांत सरनोबतांना दिला. त्यांनी कुणाला न विचारता तेरदाळांच्या गिऱ्हाइकांनाही मेसेज धाडला: ‘पुन्हा या, सहकुटुंब या! आम्ही वाट पाहतोय.’

परवाच लहान लेकरू गेलेली एक बाई तो मेसेज दाखवून दुकानासमोर ओक्साबोक्शी रडली.

तेरदाळांनी जाब विचारायला बोलावलं, तर सरनोबत दुकानात येऊन चारचौघांत हसले. “काका, गिऱ्हाइकाला प्रेमानं बोलवायला शिका. नाहीतर गाळा सोडा. संघ माझंच ऐकतो.”

ते जायला वळले, तसे तेरदाळ उठले. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच त्या उंबऱ्यावर हात जोडले.

“साहेब, पुन्हा या. सहकुटुंब या. आम्ही वाट पाहतोय.”

सरनोबतांचा चेहरा पांढराफटक पडला. “काय अभद्र बोलता हो! घरात लहान पोरं आहेत माझ्या!”

“त्या बाईच्याही घरात एक होतं,” तेरदाळ म्हणाले.