माळावरची मोजणी

आषाढ वद्य तृतीया. आभाळ भरलेलं, वारा पश्चिमेचा, पाऊस नाही.

त्या काळी गवा ज्या रानाला राखीव म्हणेल, तिथं माणूस नांगर घालत नसे. डोंगरातली दाट जंगलं पाहून झाल्यावर गवा त्या दिवशी माळावर आला.

परका दिसला की जमिनीला चिकटून बसायचं, ही माळाची रीत. ससे बसले, तित्तीर बसले, धाविक नावाची मातकट पक्षीण आपल्या दोन अंड्यांवर बसली. टिटवीसुद्धा गप्प झाली.

"चार बाभळी आणि गवत," गवा म्हणाला. "राखायचं काय इथं? हा माळ पडीक."

टिटवी धाविकीला हळूच म्हणाली, "ऐकलंस का, बाई? आपण पडीक! ऊठ आता."

"उठले तर घारीला अंडी दिसतील."

"आणि नांगर काय अंडी बघून वळसा घालणार आहे?"

धाविक उठली. ती गव्याच्या खुरापासून वीतभर अंतरावर होती. तो दचकून मागे सरला. मग टिटवी उठली, ससे उठले, तित्तीर उठले, गवतातून लांडगीण उभी राहिली. माळाच्या मधून एक ओढा जात होता; त्याच्या अलीकडचे सगळे गवा दुपारपर्यंत मोजत होता.

"ओढ्यापलीकडे कोण आहे का?" त्यानं मोठ्यानं विचारलं. परक्याचा आवाज ऐकून पलीकडचे सगळे आणखी घट्ट बसले.

संध्याकाळी घारीनं धाविकीचं एक अंडं नेलं, एक राहिलं. माळ ओढ्यापर्यंत राखीव झाला. ओढ्यापलीकडे कार्तिकात नांगर फिरला.