तिरडीच्या बांबूंचं खुराडं

श्रोतेहो, त्या वर्षी चिंधोबा महाराज बोरखडीला होते. गावाबाहेर नदीकाठी, मसणवट्याच्या वरच्या अंगाला एक पडकी धर्मशाळा होती, तिथे त्यांचा मुक्काम. लोक म्हणत, "महाराज, इथे कशाला राहता? गावात चला." महाराज म्हणत, "इथे शेजार चांगला आहे. कोणी भांडत नाही." असं म्हणून ते मसणाकडे बघून हसत, आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर सर्रकन काटा यायचा!

त्याच गावात कोंडाबाई नावाची एक एकटी विधवा राहायची. मोठी भाविक बाई. तिच्या पोटाला आधार काय, तर पंधरा-वीस कोंबड्या. पाय घसरून पडायचं निमित्त झालं, कंबर धरली आणि तिला वाकताच येईना. आता कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली, आणि डालगं ठेवायचं तर वाकायलाच हवं! ते नीट टेकायचं नाही, फटीतून मुंगूस शिरायचं. आठ दिवसांत चार कोंबड्या गेल्या. बाकीच्या गेल्या असत्या तर बाईवर दारोदार फिरायची पाळी आली असती.

ती महाराजांकडे आली आणि रडू लागली. महाराज म्हणाले, "माय, वाकता येत नाही ना? मग उभ्यानं आत जाता येईल असं खुराडं बांध."

बांबूची बेटं गावात एकाचीच, हैबतराव पाटलाची. कोंडाबाई तिथे गेली. पाटील चार माणसांत बसला होता.

"कोंबड्यांना माणसाएवढं घर?" पाटील खो खो हसला. "उद्या त्यांना पाट-रांगोळी मागशील! जा, तुझ्या त्या चिंध्यावाल्या बुवाला सांग, मंत्र म्हणून उगव म्हणावं बांबू!"

बसलेलेही हसले. हसायला काय, फुकटच असतं ते!

बाई मान खाली घालून परत आली. महाराज रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बांबू खाली मसणात पडलेत की. तिरड्यांचे. त्यांचं काम झालंय."

"अगं बाई! महाराज, मसणातली वस्तू घरी कशी आणू?"

"विचारून आण. ज्याचा बांबू त्याचं नाव घे. ज्याची ना असेल त्याचा उचलणारच नाही."

कोंडाबाईने देवाचं नाव घेतलं आणि गेली. कोणाचा बांबू कुठे पडलाय ते तिला ठाऊक होतं, लहान गाव ते. एकेक नाव घेऊन विचारायची आणि हात घालायची. काही बांबू जमिनीला खिळल्यासारखे राहिले. बाकीचे उचलले. आणि मंडळी, ज्या बाईला वाकून तांब्या उचलता येत नव्हता, ती आठ हाती बांबू घेऊन चढण चढली! मागचं टोक कोणीतरी धरलंय असं तिला सारखं वाटायचं. मागे पावलं वाजायची. तिने एकदाही वळून पाहिलं नाही.

बांबूंचे खांब झाले. तुराट्यांच्या भिंती करून तिने त्या शेणामातीने लिंपल्या. वर उसाचं पाचट टाकलं. मोडक्या बाजेची चौकट उभी केली आणि वाखाच्या दोरीने विणून दार केलं. मुंगूस शिरू नये म्हणून खाली दगड पायाने सरकवून काठीने ठासले. पैसा एक खर्च झाला नाही.

मुंगूसही पुन्हा शिरलं नाही. यायचं, दारासमोर बसायचं, आत टक लावून बघायचं आणि अंग चोरून परत जायचं. कोंडाबाई बाजाराला गेली की खुराड्यातून "टीऽटीऽटीऽ" अशी हाक यायची, जणू आत कोणी दाणे टाकतंय. लोक तो रस्ता टाळू लागले.

ही हाक पाटलाच्या एका गड्याने ऐकली आणि तो पांढराफटक होऊन धावत मालकाकडे आला. "मालक, म्हातारीचा आवाज! आपल्या येसाईचा!"

येसाई ही पाटलाची आई. तोंडाची फटकळ. एकदा चारचौघांत लेकाला बोलली म्हणून लेकाने तिच्याशी बोलणं टाकलं. म्हातारी मानी, घर सोडून कोंडाबाईच्या झोपडीत आली आणि तिथेच वारली. तेव्हाही हा पठ्ठ्या मळ्यातच बसून राहिला. खांदा भावकीने दिला.

"माझ्या आईच्या तिरडीचं खुराडं?" पाटील भडकला. कुऱ्हाड घेतली, दोन गडी घेतले आणि ऐन दुपारी बाराला कोंडाबाईच्या दारात येऊन उभा राहिला. बाई हात जोडून आडवी आली. "पाटील, माझ्या पोटावर नका मारू!" त्याने तिला बाजूला सारलं आणि आत शिरला.

एकही कोंबडी फडफडली नाही. सगळ्यांनी एकदम माना वळवल्या आणि त्याच्याकडे पाहिलं.

त्याने कोपऱ्यातला बांबू धरून हिसका दिला. बांबू हलला, आणि त्याच क्षणी पाटलाच्या उजव्या खांद्यावर काहीतरी बसलं. जड! तो वाकला. "उतरवा रे! उतरवा!" गडी बघतात तो खांद्यावर काहीच नाही, पण खांदा खाली दबलेला आणि सदरा तिथे चेपलेला. कानाशी कोणीतरी हळूहळू श्वास घेत होतं.

दारात महाराज उभे होते. केव्हा आले, कोणाला कळलं नाही.

"जड आहे का रे, हैबती?"

"मरतोय, महाराज! सोडवा!"

"मी कसा सोडवू? तुझ्या वाटणीचा खांदा राहिलाय. तो तूच द्यायचा. चल, मी पुढे होतो."

महाराज पुढे, मागे पाटील. भर उन्हात गावाने दारं उघडून पाहिलं. वाकलेला पाटील घामाने निथळत एकटाच चालला होता. पण रस्त्यातल्या फुफाट्यात पावलं उमटत होती ती चौघांची! एक बाई किंचाळून घरात पळाली. मसणवटा आला तसा खांदा आपोआप हलका झाला, आणि "आईऽ" म्हणून पाटलाने जमिनीवर अंग टाकलं.

कितीतरी वेळाने उठला आणि महाराजांचे पाय धरायला गेला. महाराज मागे सरले. "माझे नको. जिने तिला शेवटचं पाणी पाजलं तिच्याकडे जा."

पाटील परत आला. हलवलेला खांब त्याने स्वतः सरळ केला, भोवतीची माती हातांनी ठासली. मग कोंडाबाईला विचारलं, पण तिच्याकडे बघायचं धाडस झालं नाही. "शेवटी आईनं मला शिव्या दिल्या का गं?"

"दिल्या की," कोंडाबाई म्हणाली. "रोज द्यायची. आणि रोज तिन्हीसांजेला मला रस्त्यावर पाठवायची, बघून ये म्हणायची, हैबती मळ्यातनं आला का, जेवला का."

ते ऐकून गावचा पाटील त्या खुराड्याच्या दारात, कोंबड्यांच्या विष्ठेत गुडघे टेकून बसला आणि त्याने कोंडाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. त्या महाराजांना आपलंही दंडवत असो!