भरलेल्या डंपरची मापं

“म्हणजे भरमा इथं येऊन गेला. एवढं तरी कबूल कराल की नाही?”

उस्तादांनी हातातली कानस थांबवली नाही. पितळेचं एक छोटं चाक ते घासत होते.

“आलाता की.”

“काखेत गुंडाळी होती?”

“हुती.”

“आमच्या डंपरचं ड्रॉइंग होतं त्यात?”

“कागद हुता.” उस्तादांनी चाकावर फुंकर मारली. “बस आधी. उभ्या उभ्या काय इचारतोस, पोलिसागत?”

अभिनंदन बसला, पण दाराकडे तोंड करून. खांद्यावरची पिशवी त्यानं उतरवली नाही; मोजायचा टेप तिच्यातून डोकावत होता. स्वतःच्या ड्रॉइंगची नळी त्यानं दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरली होती. जणू खोलीत आणखी चार माणसं दबा धरून बसली होती.

अभिनंदन मगदूम एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ड्रॉइंग विभागाचा प्रमुख. भरमा त्याचा शाळेपासूनचा दोस्त, बाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. दोघांनी मिळून एक डंपर करायचं ठरवलं होतं. दुकानात मिळतं तसलं खेळणं नव्हे. खऱ्याच्या चौदाव्या हिश्शाचा, प्रत्येक भाग हातानं घडवलेला, रिमोटवर चालणारा आणि हौदा उचलून खडी ओतणारा. बेत चालू होऊन दोन वर्षं झाली. डंपरचं एक चाकसुद्धा अजून जन्माला आलं नव्हतं. पण कागदाला दोघं इतके जपत की घरच्यांनाही तो दिसला नव्हता.

दस्तगीर उस्ताद टेकडीवरच्या पिराची देखभाल करत आणि उरलेल्या वेळात मॉडेलं बनवत. त्यांचा वीतभर रोडरोलर बघायला लांबलांबहून लोक येत. विचारेल त्याला ते शिकवत. अभिनंदन मात्र कधी आला नव्हता. शिकायला जायचं म्हणजे आपल्याला येत नाही हे मान्य करायचं, आणि ती सवय त्याला नव्हती.

आज तो आला होता, तो पानवाल्यामुळं. “तुमचा भरमा गुंडाळी घेऊन पिराकडं निघालाता,” एवढंच पानवाला म्हणाला. तेव्हापासून अभिनंदनला अन्न गोड लागत नव्हतं.

“संध्याकाळी त्याच्या दुकानात जाणार आहे,” तो म्हणाला. “गिऱ्हाइकांसमोर विचारणार. आपलं ड्रॉइंग दुसऱ्याला दाखवतोस, विकतोस, का म्हणून. मग संपलं. चोराशी कसली दोस्ती?”

शेवटच्या शब्दाला त्याचा आवाज चिरकला. रागापेक्षा त्याला दुःख जास्त झालं होतं, आणि ते लपवायला राग बरा पडत होता.

“मग हितं कशाला आलास? सरळ दुकानात जायचं.”

“पुरावा पाहिजे.”

“असं…” उस्ताद म्हणाले आणि चहा आणायला आत गेले.

कोपऱ्यात कापडाखाली काहीतरी झाकून ठेवलं होतं. लांबट, पुढं जरा उंच. बघणाऱ्याच्या मनात डंपर असला तर अगदी डंपरच. अभिनंदननं दाराकडे पाहिलं. मग चवड्यांवर जाऊन हळूच कापडाचं टोक उचललं.

शिलाई मशीन होतं.

“पिराच्या चादरी शिवतो त्याच्यावर,” आतून आवाज आला. “टाक कापड परत. धूळ बसती.”

अभिनंदन जागेवर येऊन बसला. कान गरम झाले होते. उस्ताद चहा घेऊन आले, तेव्हा त्यानं नवीच गोष्ट हेरली.

“दोन कप आधीच काढून ठेवले होते. मी येताना पाहिले. मी येणार हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

“पी. गार हुईल.”

उस्तादांनी स्वतः पहिला घोट घेतला, मगच अभिनंदननं कपाला ओठ लावले. उस्तादांनी ते पाहिलं.

“तुझा कागद दाव,” ते थोड्या वेळानं म्हणाले.

“तुम्ही नक्कल केलीत तर?”

“तर माझ्याकडं बी न चालणारा एक डंपर हुईल.”

अभिनंदनला हे झोंबलं. त्यानं नळीतून कागद काढला, पण पुरता उलगडला नाही. फक्त मागची चाकं आणि हौद्याची कड दिसेल एवढाच. बाकीच्या भागावर त्यानं हात पसरून ठेवला. शाळेत परीक्षेला मुलं ठेवतात तसा.

उस्ताद वाकले. बराच वेळ पाहत राहिले…

“मोजला तवा डंपर भरलेला हुता.”

अभिनंदन ताडकन उठला. चहा सांडला.

“कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगाय पाहिजे?”

“खाणीच्या फाट्यावर आम्ही खरा डंपर मोजला, तेव्हा मी आणि भरमा, दोघंच होतो. तिसरं माणूस नव्हतं! म्हणजे भरमानंच सांगितलं. हाच पुरावा. झालं माझं काम.”

उस्तादांनी कागदावर बोट ठेवलं. चाकाच्या वर, जिथं लोखंडी पाट्यांची कमान असते तिथं.

“ही कमान बघ. न्हाईच. पाटे सपाट झाल्यात. चाक आन् हौद्याच्या मधी दोन बोटं जागा पाहिजे. तुझ्या कागदात नख बी जात न्हाई. वजन असल्याबिगर गाडी अशी बसत न्हाई, पोरा.”

अभिनंदननं पाहिलं. दोन वर्षं तो ही रेष रोज पाहत होता. रात्री डोळे मिटल्यावरही दिसायची. आज पहिल्यांदाच ती त्याला खाली दबलेली दिसली.

“ड्रायव्हर टपरीवर चहाला थांबला होता,” तो हळू आवाजात म्हणाला. “खडी भरून निघाला होता. म्हणाला, माझा चहा होईस्तोवर काय मोजायचं ते मोजा. घाईघाईत…”

“हुतंय तसं. आता ह्या मापानं केलास तर काय हुईल?”

“रिकामा असला तरी भरल्यासारखा दिसेल.”

“आन् खरंच भरलास तर?”

“हौदा चाकाला घासेल… जागचा हलणार नाही.”

“हं,” उस्ताद म्हणाले.

खाली रस्त्यावरून एक ट्रक चढणीला लागला होता. तो दिसेनासा होईपर्यंत अभिनंदन त्याच्याकडं बघत राहिला. अभिनंदनला फार लाज वाटली. पण संशयी माणसाला लाज फार वेळ परवडत नाही. तिला तो लगेच दुसऱ्याच्या दारात नेऊन बसवतो.

“भरमाचा कागद कुठं आहे? दाखवा मला.”

उस्तादांनी फळीवरून गुंडाळी काढून दिली. तेच ड्रॉइंग, त्याचीच दुसरी प्रत. फक्त हौद्याखालच्या रेषेच्या थोडी वर पेन्सिलीनं दुसरी रेष ओढलेली होती. पुसट, कधीही खोडता येईल अशी.

“माझ्या रेषेवर रेष!” अभिनंदन ओरडला. “मला न विचारता! चूक त्याला दिसली होती तर मला का नाही सांगितली? म्हणजे मला तोंडावर पाडायचं होतं. बरोबर आहे. आता सगळं जुळतंय.”

“तेच इचारायला आलाता त्यो.”

“काय?”

“‘उस्ताद, ही चूक त्याला सांगू कशी?’ एवढंच. म्हणाला, सांगितली तर त्यो म्हणंल, माझ्यावर डाव साधतोस. न सांगितली तर डंपर हलणार न्हाई. दोन्हीकडनं मरण माझंच.”

अभिनंदननं ती पुसट रेष पुन्हा एकदा पाहिली.

“मग… तुम्ही काय सांगितलंत?”

“म्हटलं, तू सांगू नगंस. त्याला हिकडं धाड.”

“मला तर तो चकार शब्द बोलला नाही.”

“बोलला असता, तर तू आला असतास?”

अभिनंदन तो कागद पुन्हा गुंडाळू लागला.

“म्हणून म्हटलं त्याला,” उस्ताद शांतपणे म्हणाले, “उद्या परत ये. गुंडाळी काखेत मार, आन् भर बाजारातनं ये. पानवाल्याच्या म्होरनं. सावकाश. मग दोन कप धुऊन ठिवलं.”

“म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून मला इथं आणलंत!”

“व्हय.”

“ठरवून?”

“ठरवून.”

आयुष्यात पहिल्यांदा अभिनंदनचा संशय सोळा आणे खरा ठरला होता. खरंच त्याच्या पाठीमागं कट शिजला होता. आणि आता त्या खऱ्या ठरलेल्या संशयाचं काय करायचं, ते त्याला कळेना.

पण गर्व ही चीज अशी सहज मरत नाही. त्यानं दोन्ही कागद नळीत कोंबले.

“ते काही असो. मला विचारल्याशिवाय कागदाला हात लावायचा त्याला हक्क नव्हता. मापं माझी आहेत. एकूण एक माप माझ्या हातचं. मी एकट्यानं घेतलंय.”

“आन् भरमा?”

“तो होता बरोबर. नुसता उभा होता.”

“नुसता उभा.”

“हो.”

“मग संध्याकाळचं?”

“जाणार. दुकानात जाऊन हेच सांगणार, सगळ्यांसमोर. इथून पुढं माझा डंपर मी एकटा करीन.”

उस्तादांनी मान डोलावली. भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेला टेप काढून त्यांनी त्याच्या हातात दिला.

“जायच्या आधी माझं एक काम कर. लिंबाखालच्या चौथऱ्यावर पत्रा घालायचाय. लांबी सांगून जा.”

एवढं तर करायलाच हवं होतं. चहा घेतला होता. अभिनंदन बाहेर आला. टेपचं टोक त्यानं चौथऱ्याच्या कडेला अडकवलं आणि फीत सोडत दुसऱ्या बाजूला निघाला. अर्ध्यावर गेला आणि टोक निसटलं. फीत खडखडत परत आली. चौथऱ्याची कड लोकांच्या बसण्याउठण्यानं गोल झाली होती, तिथं काही अडकून राहत नव्हतं.

त्यानं पुन्हा अडकवलं. पुन्हा निसटलं.

“हा टेप खराब आहे,” तो म्हणाला. “टोकाचा हूक वाकवलेला आहे. मुद्दाम दिलात.”

“तुझा हाय की पिशवीत.”

होता. खाणीच्या फाट्यावर नेला होता तोच. अभिनंदननं तो काढला. टोकावर एक दगड ठेवला आणि जपून चालत गेला. पार शेवटापर्यंत पोचला. आकडा वाचायला फीत जरा ताणली, तसा दगड गडगडला आणि टोक मातीत लोळलं. अभिनंदननं कपाळाचा घाम पुसला.

“उस्ताद, जरा इकडं येता का?”

“येतो की.”

उस्ताद आले. टेपचं टोक पडलं होतं बरोबर तिथं येऊन उभे राहिले. दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि लिंबाच्या शेंड्याकडं पाहू लागले.

अभिनंदननं वाट पाहिली… उस्ताद हलले नाहीत. वाऱ्यानं फीत उलटी झाली.

“उस्ताद?”

“काय रं?”

“नुसते उभे काय राहिलाय? टोक धरा की! एकट्यानं कसं मोजणार मी?”

उस्ताद सावकाश खाली वाकले. मातीतलं टोक त्यांनी उचललं, सदऱ्याला पुसलं, चौथऱ्याच्या कडेवर अंगठ्यानं घट्ट दाबून धरलं. मग मान वर करून त्यांनी अभिनंदनकडं पाहिलं.

“डंपर मोजला तवा हे टोक कुणाच्या हातात हुतं, पोरा?”