दसऱ्याच्या नावेतले परके

“तू परकी आहेस!” कुलगुरू दाजीशास्त्री म्हणाले आणि त्यांनी गोजराचा अर्ज दोन बोटांच्या चिमटीत धरून परत केला.

“मी परकी? माझी नाळ इथल्या घाटावर पुरलीय, शास्त्रीबोवा!”

“नाळेबद्दल नियमात काही नाही.”

गोजरा नावाड्याची मुलगी. मागच्या पावसाळ्यात तिनं पुरातून एका म्हाताऱ्याला ओढून काढलं होतं. पण पुढं काय करायचं ते तिला ठाऊक नसल्यानं त्यानं तिच्या डोळ्यांदेखत काठावरच प्राण सोडला. ते तिच्या मनाला फार लागलं होतं. तिला राजाच्या विद्यापीठात वैद्यक शिकायचं होतं, आणि पाडव्याला, म्हणजे तीन दिवसांनी, प्रवेश बंद होणार होते.

विद्यापीठात प्रवेश फक्त रहिवाशाला. रहिवासी कोण? तर जो सलग वर्षभर राज्याच्या हद्दीबाहेर गेला नाही तो. एक पाऊल बाहेर पडलं की माणूस परका, आणि वर्षाची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. हद्द म्हणजे नदीच्या मधला खडक. गोजराचा बाप रोज उतारू त्या खडकापर्यंत नेई, तिथून पलीकडची नाव त्यांना घेई. असं हे काटेकोर राज्य!

“मी त्या खडकापल्याड एकदाच गेले,” गोजरा म्हणाली. “दसऱ्याला. महाराजांना सीमोल्लंघनाला न्यायचं होतं आणि बाबांचा खांदा निखळला होता, म्हणून वल्हं मी धरलं. धर्मकार्याला सूट असते ना?”

“असते की!” शास्त्रीबुवा प्रसन्न झाले. नियम सांगताना ते नेहमीच प्रसन्न होत. “त्यासाठी सणाच्या दिवशीच स्वतः कचेरीत येऊन अर्ज द्यायचा.”

“त्या दिवशी कचेरीला कुलूप होतं.”

“असणारच. सण होता!”

गोजरा थेट दरबारात गेली. हा नियम अढळसिंह महाराजांनी स्वतः केला होता, आणि आपण केलेल्या गोष्टीत खोट असेल अशी शंका त्यांना जन्मात शिवली नव्हती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मिशीवरून हात फिरवला.

“पोरी, नाव तू छान वल्हवलीस. त्याबद्दल आम्ही तुला आपट्याचं पानही दिलं. पण नियम तो नियम! असं कर, त्या दिवशी पल्याड जाऊन आलेला आणि तरीही आमच्या राज्याचा रहिवासी असलेला एक तरी माणूस उद्या आणून दाखव. मग तुला प्रवेश!”

दरबार खो खो हसला. नियमाप्रमाणे असा माणूस असणंच शक्य नव्हतं. गोजरानं मुजरा केला आणि ती निमूट निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली ती एकटीच.

“काय गं, मिळाला माणूस?” महाराजांनी डोळे मिचकावले.

“नाही मिळाला, महाराज. मी वेगळ्याच कामाला आलेय. घाटावर परका उतरला की नावाड्यानं दरबाराला कळवायचं, असा नियम आहे. एक परका दसऱ्याला आमच्या नावेतून उतरला, तो अजून गेलेलाच नाही!”

“परवाना?”

“काढलेला नाही.”

“उतरलाय कुठं?”

“शहरातल्या सगळ्यात मोठ्या घरात. पक्वान्नं खातो, हाताखाली शंभर नोकर आहेत. गेल्या सोमवारी तर भर बाजारातून हत्तीवरून फिरला!”

“हत्तीवरून?” महाराज ताडकन उठले. “आमच्या राज्यात आमच्याशिवाय हत्तीवरून फिरायची कुणाची छाती झाली?”

प्रधानजी छताकडे बघू लागले. सेनापतींना अचानक खोकला आला. दाजीशास्त्र्यांना मात्र नियमापलीकडचं काही दिसत नसे. ते हिरिरीनं पुढं सरसावले. “नियम स्पष्ट आहे, महाराज! बिनपरवाना परक्याला सूर्यास्ताच्या आत नदीपार करायचं!”

“लिहा हुकूम!” महाराज गरजले. शास्त्रीबुवांनी झरझर लिहिला, महाराजांनी शिक्का मारला आणि कागद गोजराच्या हातात दिला.

गोजरानं तो नीट वाचला, घडी घालून कनवटीला खोचला आणि अदबीनं म्हणाली, “चलावं, महाराज. नाव तयार आहे.”

दरबारातल्या सगळ्या माना महाराजांकडे वळल्या.

“आम्ही?” महाराज चाचरले.

“दसऱ्याला खडकापल्याड गेलात, त्याला अजून वर्ष झालं नाही. अर्ज तर तुम्हीही दिला नव्हता, कचेरीला कुलूप होतं. घाबरू नका, एकट्याला नाही धाडत. मीही परकीच, वल्हवायला येते. आणि शास्त्रीबोवा, तुम्हीही पागोटं सावरा! नावेत बसून मंत्र कोण म्हणत होतं?”

शास्त्रीबुवांनी घाईघाईनं नियमांची पोथी उघडली, पानं उलटली, आणि पुन्हा मिटली.

“म्हणजे आम्ही आमच्याच राज्यात परके?” महाराजांनी हळूच विचारलं.

“ते तुम्हीच ठरवायचं, महाराज. परके असाल तर नाव तयार आहे. रहिवासी असाल, तर तुम्ही काल मागितलेला माणूस मला आत्ता सापडला!”

महाराजांचं पोट हललं, मिशा हलल्या, आणि ते असे हसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं! त्यांनी हुकूम परत घेऊन फाडला, गोजराच्या अर्जावर स्वतःच्या हातानं ‘रहिवासी’ असं लिहिलं आणि हातातलं कडं काढून तिला दिलं.

“दसऱ्याला पान दिलं होतं, हे खरं सोनं घे! पण पुढच्या दसऱ्याला आमची नाव कोण नेणार? तू तर वर्गात असशील.”

“विद्यापीठाला सुट्टी द्या, नाव मीच नेईन,” गोजरा म्हणाली. “फक्त शास्त्रीबोवांना सांगा, तुमचा नि माझा सूट मागायचा अर्ज आदल्या दिवशी घ्या म्हणावं!”