चिंगुटीच्या भाल्याचं पातं

बांधाखाली उंदरांचा किल्ला होता. दारावर पहारेकरीण चिंगुटी उंदरीण. आत तिची पाच पिल्लं.

बरेच दिवस कुणी शत्रू आलाच नव्हता. मग काय! चिंगुटी भाल्यानं भुईमुगाच्या शेंगा उकरायची. एका सकाळी, टण्ण! पातं तुटलं.

आणि पांढऱ्या धुक्यात आवाज आला. सळसळ... सळसळ...

"अगं बाई! साप!"

चिंगुटी निघाली तुरुतुरु. खेकडा लोहाराकडे गेली. भट्टी गार. भात्याला जळमटं.

"खेकडेदादा, पातं दे. पातं भाल्याला, भाला दाराला, साप येतो घराला!"

"आज बरी आठवण झाली माझी!" खेकडा म्हणाला. "कोळसा आण, मग पातं देतो."

सळसळ... जरा जवळ.

चिंगुटी निघाली तुरुतुरु. कोळसा पाडणाऱ्या घूसमावशीकडे गेली.

"घूसमावशी, कोळसा दे. कोळसा खेकड्याला, पातं भाल्याला, भाला दाराला, साप येतो घराला!"

"कोळसा काय माझ्या शेपटीचा पाडू? लाकूड आण, मग कोळसा देते."

सळसळ... आणखी जवळ.

चिंगुटी निघाली तुरुतुरु. सुतारपक्ष्याकडे गेली.

"सुतारदादा, लाकूड दे. लाकूड घुशीला, कोळसा खेकड्याला, पातं भाल्याला, भाला दाराला, साप येतो घराला!"

"चोच बोथट झालीय गं. घासायला खेकड्याकडून कानस घडवून आण, मग लाकूड देतो."

"खेकड्याकडून? पण त्याची तर भट्टीच गार!"

चिंगुटी मटकन खाली बसली. पाखरं गप्प. पानं गप्प. फक्त सळसळ... सळसळ...

तेवढ्यात झाडाच्या पोटातून आवाज आला. कुर्र कुर्र.

"कोण आहे?"

"मी भुंगा. लाकूड कुरतडतो."

"भुंगोबा, दात लाव. दात लाकडाला, लाकूड घुशीला, कोळसा खेकड्याला, पातं भाल्याला, भाला दाराला, साप येतो घराला!"

"लावतो की. पण हा सुतार मला खाईल. नाही खाणार म्हणू दे, मग दात लावतो."

सुतारपक्ष्यानं आवंढा गिळला. "बरं बाबा. नाही खात."

"कधीच?"

"...कधीच."

भुंग्यानं दात लावले, कुर्र कुर्र! लाकूड पडलं, धप्प! घुशीनं कोळसा पाडला. खेकड्यानं भाता ओढला, भस्स भस्स! हातोडा मारला, ठण् ठण्! पातं भाल्याला. भाला दाराला.

सळसळ... थांबली.

धुक्यात दोन पिवळे डोळे. डोळे चिंगुटीकडे बघत होते. चिंगुटी डोळ्यांकडे बघत होती. पातं अजून लालच होतं.

सळसळ... लांब.

सळसळ... आणखी लांब.

आत पाचही पिल्लं गाढ झोपलेली.

खेकड्यानं विचारलं, "गेला साप. आता भट्टी विझवू का?"

चिंगुटी, घूस, सुतार, भुंगा, सगळे एकदम ओरडले,

"नको!"