तिखट कानांचे तीन म्हातारे

रेडिओंना माणसासारखी वाचा होती, त्या काळची गोष्ट. किनाऱ्यावरच्या चौकीत तीन महागडे रिसीव्हर कुणाचे कान तिखट यावर भांडत होते. सेलवर चालणाऱ्या चिमुकल्या रेडिओचा जीव मात्र वरखाली होत होता. एक बुडती होडी हाका मारत होती, पण खरखरीत तिचा ठिकाणा कळेना.

"आजोबा, ही खरखर तुमच्याच अडॅप्टरांची आहे. घटकाभर बंद व्हा!"

"आम्ही बंद होऊ? गप रे, दीडदमडीच्या! आधी पहिला नंबर ठरू दे."

चिमुकल्याने फळीवरून थेट त्यांच्या वायरींवर उडी घातली. तिघांचे प्लग निखळले, खरखर थांबली.

"कासवखडकामागे आहोत, लवकर या!"

चौकीदार हरेश्वर तांडेल धावले. माणसं वाचली.

तिघांना पुन्हा वीज मिळाली, तेव्हा होडीची हाक आधी कुणी ऐकली यावरून ते हमरीतुमरीवर आले.