ज्याचा त्याचा विस्तव

पोरांनो, आणि पोरांचं निमित्त करून ऐकायला बसलेल्या थोरांनो, फार जुनी गोष्ट आहे. डोंगराच्या पायथ्याशी कासारांचं एक गाव होतं. घरोघरी काशाची भांडी ओतायची भट्टी, आणि वर रानात एक झरा. सारं गाव त्याच झऱ्याचं पाणी प्यायचं.

गावाची एक रीत होती. आजोबाने पेटवलेली भट्टी नातवाने विझू द्यायची नाही. काम असो वा नसो, लाकूड जळतच राहायचं. भट्टी विझली की घराणं बुडालं, असं म्हणत. काय म्हणावं या शहाणपणाला!

रान विरळ होत गेलं, तसा झरा आटू लागला. येसाई नावाची म्हातारी कासारीण रोज पाण्याला जायची. तिने सगळ्यांना पारावर गाठलं.

"अरे, गावाला एकच भट्टी ठेवू. पाळीपाळीने ओतू. झरा गेला तर काय राख पिणार आहात?"

"खरं आहे, येसाई," सगळे म्हणाले. "पण आधी शेजाऱ्याला विझवू दे."

गाऱ्हाणं राजाकडे गेलं. राजाने दवंडी पिटवली, "दसऱ्यापासून गावात एकच भट्टी!" पण राजवाड्याच्या घंटा ओतणारी भट्टी मात्र त्याने वगळली. झालं! राजाला सूट, मग आम्हाला का नाही? गाव अडून बसलं. राजाने हुकूम पुढच्या दसऱ्यावर ढकलला, मग त्याच्या पुढच्या. दवंडी तेवढी दरवर्षी अधिक मोठ्याने व्हायची.

शेवटी येसाईने एकटीनेच आपली भट्टी विझवली. पाणी ओतताना तिच्या डोळ्यांना धार लागली होती. गावाने तिला कुलबुडवी म्हटलं. तिच्या वाटणीचं लाकूडही आपापल्या भट्ट्यांत घातलं.

एका उन्हाळ्यात झरा पुरता आटला. तेव्हा कुठे राजा वठणीवर आला, आणि गावाचंही एकमत झालं. एकच भट्टी! पण डोंगरावर झाड उरलं होतं कुठे? आणि झरा काही कुणाच्या एकमताने परत येत नाही.

गाव उठलं. निघताना प्रत्येकाने आपल्या भट्टीतला विस्तव मडक्यात भरून डोक्यावर घेतला. शेजाऱ्याच्या मडक्यात आपला निखारा ठेवायला कुणी तयार नव्हतं.

येसाई मागून चालत होती. पहिल्याच चढावर ती खाली बसली.

"घोटभर पाणी द्या रे कुणी," ती म्हणाली.

सगळे थांबले. मडकी प्रत्येकाच्या डोक्यावर होती. पाणी एकातही नव्हतं.

म्हणून सांगतो: आधी शेजाऱ्याने करावं म्हणून जो थांबतो, तो शेजाऱ्यासकट बुडतो, आणि ज्याने वेळीच केलं त्यालाही बुडवतो.